थंडीची वाट पाहताना पिकाचे वय मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर सरला, तरी रात्रीचा पंखा बंद करायची वेळ आलेली नाही. पहाटे पातीवर दव नाही, दुपारी उन्हाचा चटका आहे आणि ‘थंडी गायब’ हा मथळा सगळ्याच वृत्तपत्रांत आठवड्यातून दोनदा तरी दिसतो. मथळा खरा आहे. मात्र त्याखालची बातमी उबदार कपड्यांचा बाजार आणि पर्यटकांचा हिरमोड एवढ्यावर थांबते. रब्बीला थंडी बियाण्याइतकी आणि पाण्याइतकीच लागते. ती कमी पडली की नेमके काय बिघडते आणि शेतकऱ्याच्या हातात काय उरते, हे छापून यायला हवे, असे कळकळीने वाटते.

सुरुवात गव्हापासून करतो. आपण गव्हाचे वय पेरणीपासूनच्या दिवसांत मोजतो, पण पीक वाढते ते साठलेल्या उष्णतेवर. हिशेब सोपा आहे. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची आणि त्यातून ५ अंश वजा करायचे, कारण साधारण त्याखाली गव्हाची वाढ थांबते. उरला तो आकडा त्या दिवशी पिकाच्या खात्यात जमा झाला. कमाल ३० आणि किमान १२ असेल तर सरासरी २१, त्यातून ५ गेले, राहिले १६. कमाल ३१ आणि किमान १८ असेल तर सरासरी साडेचोवीस, जमा साडेएकोणीस. साठ दिवसांत पहिल्या हिशेबाने ९६० जमा होतात, दुसऱ्याने ११७०. या ११७० ला १६ ने भागले की उत्तर येते ७३. म्हणजे ऊबदार रात्रींतला साठ दिवसांचा गहू वयाने ७३ दिवसांचा झालेला असतो. गणित ढोबळ आहे, पण शेतात दिसते ते याच्याशी जुळते: गुडघ्याएवढाही न झालेला गहू पोटरीवर येतो, म्हणजे त्याची ओंबी पानाच्या आवरणात फुगू लागते.

या उदाहरणात कमाल तापमान एकाच अंशाने वाढले आहे, किमान मात्र सहा अंशांनी. ‘दिवसा कुठे एवढे तापते आहे?’ असे विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगावेसे वाटते. शिवाय रात्र ऊबदार असली की दिवसा पानांनी तयार केलेले अन्न रात्रीच्या श्वसनात जास्त जळते. पिकाची कमाई तेवढीच राहते आणि खर्च वाढतो.

मधले तेरा दिवस कापले जातात ते फुटव्यांच्या (बुडातून निघणाऱ्या जादा काड्यांच्या) आणि ओंबी घडण्याच्या काळातून. फुटवे कमी, ओंबी आखूड, ओंबीत दाण्यांची घरे कमी. ‘जानेवारीत थंडी येईल, मग सगळे सावरेल’ ही आशा इथेच फसवते. उशिरा आलेली थंडी दाणे भरायला नक्की मदत करते, पण फुटव्यांचा काळ ओलांडून कांडीवर गेलेले, म्हणजे खोडाला पेरे धरू लागलेले रोप मागे फिरून फुटवे काढत नाही.

म्हणून पाण्याच्या पाळ्या तारखेवर न देता अवस्था पाहून द्याव्यात. गव्हाची पहिली नाजूक अवस्था मुकुटमुळे फुटण्याची. पुस्तकात ती पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी येते. ऊबदार हवेत सोळाव्या-सतराव्या दिवसापासूनच शेतात चार ठिकाणी एकेक रोप खुरप्याने मातीसकट उचलून पाण्यात धुऊन पाहावे. खाली, बियाला चिकटलेली बारीक मुळे दिसतील, ती बीजमुळे. त्यांच्या वर, जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर रोपाला एक गाठ असते. त्या गाठीतून जाडसर, पांढरी मुळे आडवी निघू लागली असतील तर पाणी त्याच दिवशी हवे. ही मुळे कोरड्या मातीत शिरू शकत नाहीत आणि फुटव्यांचे पोषण त्यांच्याच भरवशावर असते. इथे चार दिवस चुकले तर नंतरच्या दोन जादा पाळ्यांनीही ते भरून निघत नाही. कांडी धरणे (४० ते ४५ दिवस), फुलोरा (६० ते ६५) आणि दाण्यात चीक भरणे (८० ते ८५) या पुढच्या अवस्थाही यंदा आठवडाभर आधी धरून चालावे. कांडी ओळखायला खोड उभे चिरावे. बुडाजवळ पहिले पेर हाताला लागले की समजावे.

वाढ कमी दिसली की युरियाचा हात सैल सोडायचा, ही ऊबदार हिवाळ्यातली नेहमीची चूक. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. निम्मे पेरणीला, निम्मे पहिल्या पाण्याबरोबर. ही दुसरी मात्रा म्हणजे एकरी सुमारे ५२ किलो युरिया. यापुढे टाकलेल्या युरियाने गेलेले फुटवे येत नाहीत. पाने लुसलुशीत होतात, मावा ही रस शोषणारी कीड वाढते आणि ओंबी जड झाल्यावर वाऱ्यात पीक लोळते. गव्हाला थंडी कमी पडली असताना जादा नत्र देणे म्हणजे दुखणे एक आणि औषध दुसरेच.

उशिरा पेरणाऱ्यांचा प्रश्न आणखी बिकट. बियाणे हेक्टरी १०० ऐवजी १२५ किलो आणि ओळींतले अंतर १८ सेंटिमीटरपर्यंत कमी करणे, ही शिफारस फुटवे कमी येणार हे गृहीत धरूनच केलेली आहे. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘फुले समाधान’ हा वाण वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो. १५ डिसेंबरनंतर मात्र गव्हाचा नाद सोडावा, कारण त्या पिकाचे दाणे मार्चच्या उन्हात भरतात.

खरी परीक्षा तिथेच असते. दाणे भरताना पारा तिशीच्या वर राहिला की दाणा पूर्ण भरण्याआधीच पिकतो, सुरकुततो, वजनाला हलका भरतो. २०२२ चा मार्च देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाला फटका बसला आणि त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. पुढच्याच वर्षी कमाल तापमानाच्या सरासरीत फेब्रुवारीने विक्रम केला आणि २०२५ च्या फेब्रुवारीने सरासरी तापमानाचा. थंडी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उशिरा येते आणि फेब्रुवारीत लवकर जाते; गव्हाचा हंगाम दोन्ही टोकांनी आखडतो आहे.

या टप्प्यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, चिकाच्या अवस्थेत हलके पाणी. दाणा नखाने दाबून पाहावा: पांढरा चीक आला तर पाणी द्यावे, कणकेसारखा घट्ट लागला तर वेळ गेली. पाणी वारा पडलेला असताना, शक्यतो संध्याकाळी द्यावे. भरलेल्या ओंब्या आणि भिजलेली जमीन अशा स्थितीत वारा सुटला तर पीक आडवे होते. दुसरे, पालाशाची फवारणी. पोटॅशियम नायट्रेट २ टक्के, म्हणजे २०० लिटर पाण्यात ४ किलो, किंवा म्युरेट ऑफ पोटॅश (लाल पोटॅश) ०.२ टक्के, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ४०० ग्रॅम. पहिली फवारणी पोटरी ते फुलोऱ्याच्या दरम्यान, दुसरी पंधरा दिवसांनी. लाल पोटॅश फडक्यातून गाळून घ्यावे, नाहीतर न विरघळणारा गाळ नोझलमध्ये अडकतो. जमिनीत ओल नसताना किंवा भर दुपारी फवारले तर पानांची टोके करपतात. या फवारणीने थोडा आधार मिळतो, हरवलेली थंडी परत मिळत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे.

हरभऱ्याला घाटेअळीचा घोर. रात्री ऊबदार राहिल्या की अंडी लवकर उबतात, अळी झपाट्याने वाढते आणि एका हंगामात तिच्या पिढ्या अंगावर येतात. ढगाळ हवेत फूलगळ होते ती वेगळीच. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) पिकाच्या वर फूटभर उंचीवर लावावेत आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत टिपावेत. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-दहा पतंग आले, किंवा एक मीटर ओळीत एक अळी दिसली, की फवारणीची वेळ झाली. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो: पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून शंभर लिटर करायचे आणि त्यात साबणाचा चुरा घालायचा. घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) वापरायचा असेल तर संध्याकाळीच. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निकामी होतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे अळी घाट्यात शिरल्यावर फवारणे. तोंड आत आणि धड बाहेर काढून बसलेली अळी पोटातून जाणाऱ्या औषधाला बधत नाही.

ज्वारीबद्दल थोडक्यात. मालदांडी या रब्बी ज्वारीला कोरडी थंडी मानवते. ढगाळ आणि ऊबदार हवेत मावा येतो, पानांवर चिकटा पडतो आणि कडब्याची प्रत जाते. कणसावर आलेल्या ज्वारीवर फवारा मारताना तोच कडबा जनावरांच्या पुढ्यात जाणार आहे, याचे भान ठेवावे.

कोकणातला हिशेब याहून नाजूक आहे. हापूसला मोहोर येण्यासाठी पालवी जून झालेली असावी लागते आणि रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास किंवा खाली काही दिवस टिकून राहावे लागते. रात्री ऊबदार राहिल्या तर त्याच डोळ्यातून मोहोराऐवजी कोवळी पालवी फुटते आणि तुडतुड्यांना आयते खाद्य मिळते. या दिवसांत ‘झाड सुकले’ म्हणून बागेला पाणी सोडणारे स्वतःच पालवीला आमंत्रण देतात. पाणी फळे वाटाण्याएवढी झाल्यावर, झाडाला दीडशे ते दोनशे लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावे.

आणि इथे उशिरा आलेल्या थंडीची दुसरी बाजू दिसते. फळधारणा झाल्यावर, जानेवारीअखेर पारा एकदम घसरला तर झाडाला पुन्हा मोहोर फुटतो. झाडाची शक्ती नव्या मोहोराकडे वळते आणि आधीची वाटाणा-गोटीएवढी फळे गळून पडतात. दोन्हीकडून तोटा. हा पुनर्मोहोर रोखायला ५० पीपीएम जिबरेलिक आम्लाची फवारणी करतात, म्हणजे वीस लिटर पाण्यात एक ग्रॅम; एकदा मोहोर फुललेला असताना आणि पुन्हा फळधारणेनंतर. ही पूड पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. थेट टाकीत टाकली तर तळाशी बसते आणि शेवटच्या चार झाडांना सगळी मात्रा मिळते.

थंडी सगळ्यांना सारखीच हवी असते असेही नाही. नाशिकचा द्राक्षबागायतदार पारा दहाच्या खाली गेला की धास्तावतो: मण्यांची फुगवण थांबते, थॉमसनसारख्या हिरव्या जातीत गुलाबी मणी येतात. जळगावच्या केळीला चरका बसतो, पाने पिवळी पडतात, घड पोग्यात अडकतो. तरीही या दोघांना ढगाळ ऊब परवडते असे समजू नये. भुरी, डाऊनी आणि करपा हे बुरशीचे रोग तिच्याच आश्रयाने येतात. म्हणून ‘कडाक्याची थंडी पडो’ अशी सरसकट प्रार्थना करण्यापेक्षा नेमकी मागणी करावी. निरभ्र आकाश, दहा ते तेरा अंशांच्या रात्री, त्या सलग तीन-चार आठवडे, आणि फेब्रुवारीत हळूहळू चढणारा पारा. दोन दिवस चार अंश आणि तिसऱ्या दिवशी सोळा, असल्या थंडीने फुले जळतात आणि गव्हाला काही मिळत नाही.

अशी थंडी आपल्याकडे येते कशी, हेही वाचकांना समजावून सांगायला हवे. उत्तरेत पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) येऊन गेला, हिमालयात बर्फ पडले आणि त्यामागोमाग कोरडे उत्तरेचे वारे मध्य प्रदेशातून खाली उतरले की महाराष्ट्र गारठतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा मंद असेल तर जमीन दिवसाची उष्णता रात्री आकाशात मोकळी करते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि पूर्वेकडून दमट हवा आली की सगळे उलटे होते. बाष्प आणि ढग पांघरुणासारखे काम करतात. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर राज्यात चांगली थंडी पडली होती, पण फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि इथली थंडी पळाली. ‘ला निना (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याची स्थिती) आहे, म्हणजे थंडी कडाक्याची’ हे ठोकताळेही जपून छापावेत. प्रशांत महासागरात क्षीण ला निना असतानाच २०२५ चा तो विक्रमी ऊबदार फेब्रुवारी आला होता.

आता आपल्या वृत्तपत्राकडे मागणी. पारा तीन अंशांनी उतरला की ‘थंडीची लाट’ असा मथळा येतो. हवामान विभागाची व्याख्या स्पष्ट आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असावे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार ते ६.४ अंशांनी कमी असावे, तेव्हा लाट. घट त्याहून मोठी असेल तर तीव्र लाट. किमान तापमान ४ अंश किंवा खाली गेले तर सरासरी न पाहताही लाट धरतात. किनारपट्टीला १५ अंशांची मर्यादा आहे. लाटेचा मथळा वाचून शेतकरी रात्री पाणी सोडायला जातो, मजूर लावतो. शब्द चुकला तर खर्च त्याचा होतो.

दुसरे, नुसते किमान तापमान छापू नका, सरासरीपासूनचा फरकही छापा. पुण्याचे १४ आणि रत्नागिरीचे १९ यांतले कोणते अधिक बिघडलेले, हे फरकाशिवाय कळत नाही. आकडा कुठल्या केंद्राचा, तेही लिहावे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची छायाचित्रे येतात तेव्हा गावातल्या वेधशाळेचा पारा पुष्कळ वर असतो. दोन्ही खरे असते: जड, गार हवा उताराने खोलगट भागात साठते आणि गवताच्या पातीपाशी तापमान चार फुटांवरच्या तापमापकापेक्षा काही अंशांनी कमी असते. निफाडचा आकडा नाशिक शहरापेक्षा खाली असतो, तोही जागेचाच गुण.

म्हणूनच गावोगाव स्वतःचे मापन हवे. कमाल-किमान नोंद ठेवणारा साधा डिजिटल तापमापक पुरतो. तो हवेशीर फटी असलेल्या, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, दार उत्तरेला ठेवून बसवावा. घराची भिंत, पत्रा, सिमेंटचे अंगण यांपासून दूर. यांच्याजवळचा तापमापक रात्री दोन-तीन अंश जास्त दाखवतो. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी, कारण हवामान खातेही किमान तापमान तेव्हाच नोंदवते, आणि लगेच यंत्रातली जुनी कमाल-किमान नोंद पुसावी. महिनाभराची वही झाली की वर सांगितलेला उष्णतेचा हिशेब कोणालाही मांडता येतो. शाळांनी ही जबाबदारी घेतली तर मुलांना विज्ञान कळेल आणि गावाला आकडा मिळेल.

शेवटची मागणी अगदी साधी आहे. कृषी विद्यापीठे आणि हवामान विभाग मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला काढतात. त्यात पुढच्या पाच दिवसांचे तापमान, ढग, वारा आणि पीकनिहाय सूचना असतात. ‘मेघदूत’ ॲपवर तो मिळतो, पण ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांच्याकडे आपले पत्र सकाळी पोहोचते. बुधवार आणि शनिवारच्या अंकांत, जिल्हा आवृत्तीच्या हवामानाच्या चौकटीत, त्या सल्ल्यातल्या आठ ओळी छापाव्यात: किमान तापमान आणि सरासरीपासूनचा फरक, पुढचे पाच दिवस, आणि त्या आठवड्यात कोणत्या पिकात काय पाहायचे. पुढचा सल्ला येत्या शुक्रवारी येईल. गहू बऱ्याच ठिकाणी कांडीवर आहे, तेव्हा सुरुवात याच शनिवारपासून व्हावी.

आपला नम्र,
एक वाचक